खांदा देताना

रोह्याला बेसबॉलच्या सामन्यात चेंडू फेकताना माझा खांदा निखळला. त्यानंतर गणपतीच्या कारखान्यातलं काम टाकून वडील मला आमच्या जोहे गावातून एसटीने पेणला खांद्याच्या व्यायामासाठी नेत. मी कंटाळलो की म्हणत, "गणपतीचा हात मोडला तर मी उभ्या उभ्या जोडतो. तुझाच कठीण हाय."

खांदा बरा होण्याआधीच ते गेले. तिरडी उचलताना मी सवयीने उजवा खांदा पुढे केला. काका म्हणाले, "तो नाय रे, डावा दे. बापाला पाडशील." वाटेत सगळे खांदा बदलत होते. मला बदलता येत नव्हता, म्हणून स्मशानापर्यंत मी डाव्यावरच चाललो.

आता खेळ सुटला आहे. व्यायामाला मी एकटा जातो. हात अजून पूर्ण वर जात नाही.