माझ्या मापाचा नांगर

आमच्या शाळेच्या वस्तुसंग्रहात दोन बैलांचा एक लाकडी नांगर आहे. शेजारच्या चिठ्ठीवर खोड, हळस, रुमणं, फाळ अशी त्याच्या भागांची नावं आहेत, अक्षर माझंच. तो कोणाच्या मापाचा, हे मात्र मी लिहिलेलं नाही.

चाळीसच्या दशकातली गोष्ट. लोखंडी नांगर गावोगाव येऊ लागले आणि आमच्या हेडमास्तरांना जुन्या अवजारांची काळजी लागली. कोल्हारजवळच्या माझ्याच गावात मी मास्तर होतो. मास्तर झालो म्हणून आबा, माझे वडील, तीन वर्षं माझ्याशी धड बोलत नव्हते. एकुलता एक मुलगा नांगर सोडून खडू धरतो, हे त्यांच्या पचनीच पडलं नव्हतं. जेवायला शेजारी बसत, पण शाळेचं नाव काही त्यांच्या तोंडून निघत नसे. मीही कमी हट्टी नव्हतो. मनातून मात्र झुरत होतो.

हेडमास्तरांनी नांगर करून घ्यायचं काम माझ्यावर सोपवलं. गावच्या सुतारकाकांनी बाभळीचं लाकूड काढलं आणि विचारलं, "हाकनारा केवढा हाय?"

"हाकणारा कोणी नाही. पोरांना दाखवायला नुसता ठेवायचाय."

"मंग रुमनं कुठं तोडू?" रुमणं म्हणजे नांगराचा उभा दांडा, त्याची मूठ माणसाच्या कमरेशी यावी लागते. "बिनमापाचा नांगर मला न्हाई करता येत, मास्तर. तुमीच ऱ्हावा हुबं."

मी धोतर सावरून उभा राहिलो. त्यांनी माझ्या कमरेशी काठी लावून खूण केली. मला आपलं हसू येत होतं.

नांगर झाला त्या दिवशी आबा आपल्या नांगराची हळस, म्हणजे जुवाकडे जाणारा लांब दांडा, बदलून घ्यायला तिथं आले होते. सवयीनं त्यांनी नव्या नांगराची मूठ धरली. मी त्यांच्याहून वीतभर उंच, त्यामुळे ती त्यांच्या बरगड्यांशी आली.

"ह्यो कुना उंटाचा?"

"तुमच्या मास्तरचा," सुतारकाका म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आबा बराच वेळ मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सकाळी रानात ये. ह्यो मी गाडीत घालून आनतो."

सकाळी त्यांनी बैल जुंपले आणि मूठ माझ्या हातात दिली. आजवर मी धरलेला प्रत्येक नांगर आबांच्या मापाचा होता. त्यावर वाकून माझी कंबर धरायची, आणि नांगरणं असंच असतं असं मी समजून चाललो होतो. याला वाकावंच लागेना. ताठ उभा राहून मी या बांधापासून त्या बांधापर्यंत गेलो. आबा मागून ढेकळं फोडत आले.

बांधावर थांबून त्यांनी मागं पाहिलं.

"वाकडं गेलं."

"व्हय, आबा."

त्यांनी बैल सोडले आणि आपल्या नांगराला जुंपायला घेतले. जुंपता जुंपता म्हणाले, "ऱ्हायलेलं मी बघतो. तू जा. तुजी शाळा भरंल."

मी भराभर चालत निघालो, कारण मला रडू फुटलं होतं. दुपारी त्यांनी नांगर स्वतः शाळेत आणून पोचवला. फाळाला लागलेली माती पुसून घ्या, असं हेडमास्तर म्हणाले. मी पुसली नाही.