भिकुबाईचं सोनं

सुंदरबाईला कोणी चांगलं बोललेलं पचत नसे. "अक्का, पातळ छान दिसस," असं कोणी म्हटलं, की पातळाला कुठं भोक पडलंय ते ती आधी बघे. भाजीवाल्यानं मूठभर मिरच्या वरून टाकल्या, तर त्या किडक्या असणार. अमळनेरजवळच्या त्या गावात तिच्या संशयातून सुटलेला माणूस नव्हता, नवरा मोतीलाल धरून.

त्याला कारणही होतं. रंगानं काळी, अंगानं चांगली आडवी, आणि बापानं नाव ठेवलं सुंदर. लग्नात मोतीलालवर तिचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा मांडवभर खसखस पिकली होती. तेव्हापासून गोड शब्दामागं हसू दडलेलं असतं, हे तिनं पक्कं धरलं. तोंडावर बोलणारी एकच, सासू भिकुबाई. ती सरळ "ए कायी" म्हणून हाक मारायची. काळीला कायी म्हणण्यात खोट कसली? म्हणून सासूवर मात्र सुंदरबाईचा विश्वास होता.

आणि त्या सासूनंच मरताना घोळ घातला.

भिकुबाईची खाट मधल्या घरात होती. धाकटी सून कमल उशाशी बसून चमच्यानं पाणी पाजत होती. सुंदरबाई समोर, ज्वारीच्या मातीच्या कोठीला टेकून उभी. म्हातारीनं डोळे उघडले, कोठीच्या दिशेनं एकटक पाहिलं आणि ओठ हलवले. "मनं सोनं", म्हणजे माझं सोनं, एवढं सुंदरबाईला स्वच्छ ऐकू आलं. पुढचं कमलच्या कानात गेलं, कारण ती वाकली होती. थोड्या वेळानं म्हातारी गेली.

दहावा-तेरावा उरकला तशी सुंदरबाईनं कोठी उपसली. ज्वारी अंगणात, तळाशी धूळ आणि सोंडे. सोनं नाही. म्हणजे कमलनं आधीच काढलं, हे उघड झालं. भिकुबाईला माहेरची सोन्याची पोत होती. ती बहात्तरच्या दुष्काळात मोडली, असं मोतीलाल आणि धाकटा पुना दोघंही सांगत. दोघंही तिचेच मुलगे, ते दुसरं काय सांगणार? कमलला विचारलं तर ती उठली आणि भाकरी थापायला बसली.

वाटण्या झाल्या. मधलं घर कोठीसकट सुंदरबाईकडे आलं, कमल अंगणापलीकडे गेली. मग सुंदरबाईची पाळत सुरू झाली. लग्नकार्यात ती नवरानवरीकडे बघायचीच नाही, कमलच्या गळ्याकडे बघायची. पुनानं रंगीत टीव्ही आणला तेव्हा ती एसटीनं जळगावला गेली आणि सराफ बाजारात दुकानोदुकानी विचारत फिरली, की एक गोरीशी बाई पोत मोडायला आली होती का. दुकानदारांनी तिला पाणी दिलं आणि वाटेला लावलं. हे लोक मिळालेले असतात, असं तिनं परतीच्या एसटीत शेजारणीला सांगितलं.

कमल भरीत करी तेव्हा वाटीभर अंगण ओलांडून यायचं. सुंदरबाईला कावीळ झाली, तेव्हा धुळ्याच्या दवाखान्यात तिच्या उशाशी कमलच राहिली. पोटात खोट असल्याशिवाय कोणी एवढं करतं का? सुंदरबाई भरीत खायची आणि मनातल्या मनात म्हणायची, बघा, चोराला चैन पडत नाही.

गल्लीतल्या जीवराम गुरुजींना तिनं एकदा सगळं सांगितलं. "गुरुजी, मी सोता देखं. डोया कोठीवरच व्हतात." म्हातारीचे ते डोळे तिच्या मनातून जात नव्हते.

गुरुजींना शब्दांचा नाद. ते म्हणाले, "सुंदरबाई, सोनं म्हणजे धातूच, हे कोणी ठरवलं? आपण कापसाला पांढरं सोनं म्हणतो. दसऱ्याला आपट्याची पानं देतो तेही सोनंच. मूळ शब्द सुवर्ण. म्हणजे चांगल्या रंगाचं. पुढं ज्याला जे मोलाचं वाटलं, त्याला त्यानं सोनं म्हटलं. भिकुबाईला काय मोलाचं वाटत होतं, ते शोधा."

चांगल्या रंगाचं म्हटल्यावर सुंदरबाईचं डोकंच फिरलं. रंगावरून आपल्याला टोमणा मारला, असं तिला वाटलं. कमलनं ह्यांना चहा पाजला असणार. ती तशीच उठली, घरी आली आणि मोतीलालला म्हणाली, "दसराना दुसरा दिन गवंडी बलाव. अंगनमा भित पाहिजे."

मोतीलालनं पुष्कळ समजावलं. शेवटी विटा येऊन पडल्या. भिंत झाली की दोन घरांचं येणंजाणं कायमचं बंद होणार होतं.

दसऱ्याला सगळं गाव सोनं वाटत फिरत होतं. संध्याकाळी सुंदरबाई विटांच्या ढिगाला वळसा घालून कमलच्या दारात गेली. तिला भिंतीआधी एकदा तोंडावर विचारायचं होतं. कमलनं तिच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. सुंदरबाईनं सवयीनं ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"कमल, एकच गोट इचारस. मायनं सोनं कोठे शे?"

"मना म्होरे उभं शे," कमल म्हणाली.

सुंदरबाईनं मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं.

"माय म्हने, मनं सोनं सांभायजो," कमल खाली बघून बोलत होती. "आनि डोया तुनावर."

"डोया कोठीवर व्हतात."

"कोठीले टेकीसन कोन उभं व्हतं?"

"मंग इतला वरीस सांगं का नही?" सुंदरबाईनं विचारलं.

"कसाले सांगू?" कमलच्या आवाजाला धार आली. "तिनं हागनंमुतनं मी काढं. आनि सोनं तू. मना जीव जयीसन राख व्हयना. सांगं नही, पन तिनं बोलनं पाळं."

सुंदरबाईला भरिताच्या वाट्या आठवल्या, दवाखान्यातल्या रात्री आठवल्या. तरी तिनं जुन्या खोडीनं शेवटचा आक्षेप काढलाच.

"मंग माय मले कायी कसाले म्हने?"

"कायी शे म्हनीसन," कमल म्हणाली, आणि दोघींनाही एकदम हसू फुटलं. हसता हसता सुंदरबाईला रडू आलं, आणि ते तिनं लपवलं नाही.

घरी येऊन ती कोठीपाशी गेली. त्या दिवशी टेकली होती तशीच पाठ लावून उभी राहिली. समोर खाटेच्या जागी आता कापसाचं बोचकं होतं. ती मान वळवून स्वतःच्या दोन्ही बाजूंना बघत राहिली. तिच्या त्या आडव्या अंगामागं कोठी पार झाकून गेली होती. खाटेवरून बघणाऱ्याला कोठी दिसलीच नसती.