त्या वर्षीची लाइन कुणी घालवली

मला गप्प बसवणं अवघड, हे अमेरिकेतल्या आमच्या हर्नडन गावात कुणालाही विचारा. गणपतीच्या जेवणाच्या रांगेत लोक माझ्या मागेपुढे उभं राहायला बिचकतात — मठ्ठा हातात पडेपर्यंत हा बाबा सोडणार नाही म्हणून. माझे किस्से सगळ्यांना पाठ आहेत. पहिला बर्फ, पहिली गाडी, डॉर्मच्या किचनमध्ये फोडणी दिली तेव्हा आलेला आगीचा बंब — सगळं सांगून झालंय. एकच राहिलंय. ते बायकोला सांगितलं नाही, मुलीलाही नाही. अमेरिकन फुटबॉलच्या एका सीझनची गोष्ट आहे. हसू नका. फुटबॉलमध्ये लपवण्यासारखं काय असणार, असं वाटत असेल तर अजून थोडा वेळ तसंच वाटू दे.

ऐंशीचं दशक निम्म्यावर आलं होतं. मिडवेस्टमधलं एक विद्यापीठाचं गाव — नाव सांगत नाही. मी पुण्याहून एम.एस. करायला गेलेलो. सेकंड इयरच्या मुलांना मेकॅनिक्स शिकवणाऱ्या एका प्रोफेसरांचे पेपर तपासायची असिस्टंटशिप मला मिळाली होती. तिच्यावर माझं शिक्षण चाललं होतं आणि व्हिसाही तिच्यावरच. नियम एकच होता : ज्या वर्गाचे पेपर तपासतोस, त्यातल्या कुणालाही खाजगीत शिकवायचं नाही. तसं लिहून माझी सही घेतली होती.

आणि गाव म्हणाल तर फुटबॉलवेडं. आमच्या डिपार्टमेंटच्या वर्कशॉपमध्ये सोमवारी दुपारी दरबार भरायचा. लेथवर काम करणारा रॉय, ऑफिसमधली डॉना, दोन-तीन जण इकडचे तिकडचे, आणि मी. कॉफी काळीकुट्ट, आणि विषय एकच — शनिवारची मॅच. त्या वर्षी आमची ऑफेन्सिव्ह लाइन म्हणजे निव्वळ भुसभुशीत मातीची भिंत झाली होती. तुम्हाला फुटबॉल कळत नसेल तर एवढंच समजा : क्वार्टरबॅक चेंडू फेकतो, आणि समोरच्या टीमचे रेडे त्याच्या अंगावर येऊ नयेत म्हणून पाच दांडगे गडी त्याच्यापुढे उभे राहतात. ती लाइन. तिच्यातली डावीकडची शेवटची जागा सगळ्यात अवघड, कारण उजव्या हातानं फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ त्या बाजूला असते. तिकडून कोण येतोय हे त्याला दिसतच नाही.

त्या वर्षी तिकडून कुणीही यायचं!

मग दोष कुणाचा? डॉना म्हणायची, कोच म्हातारा झाला, त्याला घरी पाठवा. कुणी म्हणे क्वार्टरबॅकच चेंडू हातात धरून स्वप्नं बघत बसतो. कुणी म्हणे पोरं निवडणाराच आंधळा आहे. साप साप म्हणून भुई धोपटायचं काम चाललं होतं, आणि मीही काठी घेऊन त्यात होतो — तावातावानं कोचला नावं ठेवत होतो. का नाही ठेवणार? त्या खोलीत एकट्या मलाच माहीत होतं की कोचचा दोष नाही. डावीकडची जागा रिकामी झाली होती ती माझ्यामुळे.

त्या जागेवर कर्ट खेळायचा. शेतकऱ्याचा मुलगा, सव्वासहा फूट उंच, दारातून आत येताना सवयीनं मान वाकवायचा. आदल्या उन्हाळ्यात त्याची माझी ओळख झाली. मी बसस्टॉपवर दोन्ही हातांत किराण्याच्या पिशव्या घेऊन घामानं निथळत होतो. त्यानं पिकअप थांबवून विचारलं, कुठं जायचंय. त्यानंतर उन्हाळाभर दर शनिवारी तो मला दुकानात न्यायचा. धान्याच्या कोठारामागच्या मोकळ्या जागेत त्यानं मला गाडी शिकवली. दोनदा मी त्याचा पिकअप कुंपणात घातला, तर हा खो खो हसत खाली उतरला आणि नुसत्या हातांनी खांब सरळ करून आला. फुटबॉलही त्यानंच शिकवला — मिठाच्या नि मिऱ्याच्या डब्या टेबलावर मांडून. लाइनमध्ये खेळणाऱ्याचं नाव पेपरात कधी येत नाही, म्हणायचा. आलंच तर चुकला म्हणून येतं.

मग सेमिस्टर सुरू झालं आणि तो नेमका माझ्याच वर्गात आला. समीकरणं दिसली की त्याचं डोकं बंद व्हायचं. पुलाच्या सांगाड्यातल्या प्रत्येक दांडीवर किती ताण येतो ते काढायचं असतं — प्रोफेसर ते आकडेमोड करून शिकवायचे. आम्ही पुण्यात ते चित्र काढूनही सोडवायचो. पट्टी, गुण्या आणि टोकदार पेन्सिल, बस्स. सांध्यांना नावं द्यायची नाहीत, मधल्या मोकळ्या जागांना अक्षरं द्यायची, आणि रेघांमागून रेघा ओढत गेलं की उत्तर कागदावर मोजून घ्यायचं. मी त्याला माझं पुण्याचं पुस्तक दिलं. पहिल्या पानावर माझं नाव, कॉलेज, रोल नंबर. म्हटलं, बघ जमतंय का, पण कुणाला सांगू नकोस, माझी नोकरी जाईल. तो म्हणाला, नाही सांगणार.

आणि काय सांगू तुम्हाला — त्याला ते असं जमलं! ज्यानं लहानपणापासून बापाबरोबर गोठे उभारलेत, त्याला दांडीवरचा ताण काय नवा? त्याच्या रेघा माझ्यापेक्षा सुबक यायच्या. मला त्याचा अभिमान वाटायचा, खरंच वाटायचा.

सप्टेंबरातल्या पहिल्या परीक्षेत त्यानं ते गणित चित्रानं सोडवलं. त्याच्या पुढच्याच बाकावर नागपूरहून डिप्लोमा करून आलेला विनय नावाचा मुलगा बसला होता, त्यानंही तसंच सोडवलं. दोन पेपर, तीच अक्षरं, तीच आकृती, उत्तर दोघांचं बरोबर. गुण बघताना ते दोन्ही प्रोफेसरांच्या नजरेला पडले, आणि त्यांनी ही पद्धत वर्गात कधी दाखवलीच नव्हती. विनय भारतातून शिकून आलेला, त्याला येणारच. मग या फुटबॉलवाल्याला कुठून आली? पुढच्या बाकावरून, दुसरं काय?

मला त्यांनी समोर बसवलं आणि कर्टला बोलावलं. कुठं शिकलास? तो म्हणाला, एका पुस्तकातून. कुठलं पुस्तक? — आता इथं त्यानं माझ्याकडे बघितलं. अगदी साधं बघितलं हो, विनवणी नव्हती की राग नव्हता. दाराशी आपण एखाद्याला ‘आधी तुम्ही’ म्हणून थांबतो ना, तसा थांबला. मी माझ्या वहीकडे बघायला लागलो. वहीत काही नव्हतं. मग तो म्हणाला, आठवत नाही.

झालं. त्याला वर्षभरासाठी काढून टाकलं. टीम गेली, स्कॉलरशिप गेली. आत्ता तुम्ही म्हणाल, अरे, भित्रा होतास, परदेशात एकटा पोरगा, व्हिसाची तलवार डोक्यावर — समजू शकतो. थांबा. एवढंच असतं तर मी केव्हाच सांगून मोकळा झालो असतो. हे सांगायच्या तयारीनं मी दोन-तीनदा बायकोसमोर बसलोही होतो. पुढचं आठवलं आणि चहा गार होऊ दिला.

ऑक्टोबरात एका शनिवारी आमच्या क्वार्टरबॅकला डावीकडूनच कुणीतरी धडकला आणि त्याचा गुडघा गेला. त्याला स्ट्रेचरवरून बाहेर नेलं. सोमवारी वर्कशॉपमध्ये भांडणं पेटली. कुणीतरी म्हणालं, त्या कर्टनं कॉपी केली नसती तर आज हे झालं नसतं, सगळं त्याच्यामुळे. त्यावर रॉय भडकला. रॉय आणि कर्टचे वडील एका गावचे, एका शाळेतले. तो म्हणाला, मी त्या पोराला डायपरमध्ये असल्यापासून ओळखतो, उसना पाना परत द्यायला चाळीस मैल गाडी मारून येणारा पोर आहे तो, कॉपी करणार नाही. मग त्यानं लेथ बंद केला. आणि तो माझ्याकडे वळला.

“पेपर तू पाहिलेस. तू सांग. केली त्यानं?”

मला माहीत नाही, म्हणता आलं असतं. मला बोलायची परवानगी नाही, असं म्हणता आलं असतं. नुसता खोकलो असतो तरी चाललं असतं! पण सगळे माझ्याकडे बघत होते. दोन वर्षं मी त्या खोलीत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसत होतो, माझ्या उच्चारांना ते प्रेमानं हसायचे, माझं मत कुणी मागितलेलं मला आठवत नाही. आणि आज निकाल माझ्याकडे मागत होते. मला ते आवडलं. हे लिहायला लाज वाटते, पण आवडलं.

मी म्हणालो, “हो. दोन्ही पेपर मी स्वतः पाहिले. हुबेहूब होते.” आणि उचलली जीभ लावली टाळ्याला — कुणी विचारलं नसताना वर म्हणालो, “त्याला ते जमण्यासारखंच नव्हतं.”

रॉयनं मान हलवली. माझ्यावर त्याचा विश्वास होता. त्यानं लेथ पुन्हा सुरू केला.

पुढच्या सोमवारी त्यानं मला बाजूला घेतलं. कर्टच्या वडिलांनी डीनना भेटायची वेळ घेतली होती, म्हणाला. पोरगा एकच सांगत होता, मी कॉपी केली नाही, आणि बापाचा त्याच्यावर विश्वास होता. सूट इस्त्रीला टाकला होता. “मी त्यांना फोन करून तू काय म्हणालास ते सांगितलं. वर्गातलाच माणूस म्हणतोय म्हटल्यावर — त्यांनी भेट कॅन्सल केली.” आणि मग रॉय मला थँक्यू म्हणाला. म्हणे, उगाच म्हाताऱ्याची शोभा झाली असती.

त्यानंतर लाइन कुणी घालवली हा वाद गावात मिटला. कोच सुटला, पोरं निवडणारा सुटला. क्वार्टरबॅकच्या गुडघ्यासकट सगळं कर्टच्या नावावर गेलं. मी दर सोमवारी कॉफी प्यायला जात राहिलो, आणि कधी विषय निघालाच तर मीही मान डोलवायचो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या मी फार मोठ्यानं मारल्या नाहीत एवढंच.

नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत रॉय गावी जाऊन आला. परत आल्यावर त्यानं किराण्याची एक कागदी पिशवी माझ्या हातात दिली, तोंड पिनांनी बंद केलेली. कर्टनं दिलीय, म्हणाला, तुझं काहीतरी आहे म्हणे. रॉयनं ती उघडली नव्हती. तो तसला माणूस नव्हता.

आत माझं पुस्तक होतं. पहिल्या पानावर माझं नाव, कॉलेज, रोल नंबर. पुस्तकात चौकटीच्या कागदांचा गठ्ठा होता — त्यानं सराव केलेले सगळे सांगाडे. प्रत्येक कागदावर वरच्या कोपऱ्यात त्याच्या अक्षरात तारीख, आणि सगळ्या तारखा परीक्षेच्या आधीच्या. चिठ्ठी नव्हती. पिशवी उलटी करूनही पाहिली.

म्हणजे हे सगळं त्याच्याजवळ होतं. चौकशीच्या दिवशी होतं, वडिलांनी भेट कॅन्सल केली त्या दिवशीही होतं. हे पुस्तक बापाच्या पुढ्यात टाकलं असतं तर संपलं असतं. नाही सांगणार, असं म्हणाला होता ना मला एकदा? तेवढ्यावर राहिला. आणि वस्तू माझी, म्हणून परत केली.

अपील करायची मुदत सेमिस्टर संपेपर्यंत होती. नोटीस मीच बोर्डावर वाचली होती. माझ्या टेबलापासून डीनचं ऑफिस चार मिनिटांवर. मी पिशवी पलंगाखाली सरकवली आणि पेपर तपासायला बसलो.

कर्ट परत आला नाही. मी डिग्री घेतली, नोकरी लागली, इकडे आलो. त्यानं शिकवलेली गाडी आजही चालवतो. बऱ्याच वर्षांनी रॉयचं कार्ड आलं — कर्टचे वडील गेले. त्यात मुलाबद्दल एक ओळ होती : बापलेकांचं तेव्हापासून कधी नीट झालं नाही. मी उत्तर लिहिलं. वाईट वाटलं, असं लिहिलं. हवामानाबद्दल लिहिलं. खाली सही केली आणि पाकीट बंद केलं.

पुस्तक इथं तळघरात आहे. कागद अजून त्यातच आहेत.

त्यानं कॉपी केली नव्हती. मी त्याला शिकवलं होतं, आणि त्याला ते माझ्यापेक्षा चांगलं जमत होतं.