बोटुकलीचं पत्रक

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बाबा मोर्च्यातून पत्रकं आणायचे, माय त्यांत सुकवलेले झिंगे बांधून ठेवायची आणि मी पुडी सोडून वाचत बसायचे. त्यामुळे जेव्हा गावात मलेरियाविरुद्ध औषध लावलेल्या मच्छरदाण्या वाटल्या गेल्या आणि बायका त्याच घेऊन तलावात झिंगे धरायला उतरल्या, तेव्हा मला सुचायचं तेच सुचलं. मी पत्रक लिहिलं. 'ग्रामीण जनतेच्या आरोग्यावर घाला' असा मथळा आणि खाली माझं नाव. बिनसहीचं पत्रक भित्री माणसं काढतात, हे माझं तत्त्व.

आदल्या पावसाळ्यात मायला मलेरिया झाला होता. अंगातल्या थंडीनं खाट हलायची. पुन्हा झाला तर ती निभावेल का, या धास्तीनं मी ते लिहिलं होतं. आणि पहिली मच्छरदाणी तलावात ओढली ती मायनंच.

"पत्रक वाचलं का?" मी तलावाच्या पाळीवरून विचारलं.

"वाचलं ना. लय कडक लिवते तू. ये, हे टोक धर."

माझी वहिनी गावची आशा सेविका. दोन दिवसांनी ती पाळीवर आली, झिंग्यांच्या ढिगात हात घातला आणि तळहातावर बोटाएवढी पिल्लं घेऊन मायसमोर धरली.

"माय वो, हे रोहूची बोटुकली. आपल्याच मच्छी सोसायटीनं आखाडीले सोडली ना? दिवाळीनंतर मोठ्या जाळ्यात आली असती. हे बारीक जाळी त पिल्लू बी सोडत नाई."

शेजारची काकू म्हणाली, "अन् मच्छरदाण्या फाटून गेल्या त्याचं का करू?"

"जिंदगीभर जाळे शिवले तुमी, अन् मले विचारता?"

त्याच दुपारी आमच्या अंगणात बायका जाळ्याच्या सुया घेऊन मच्छरदाण्या शिवायला बसल्या. एकमेकींची राहिलेली भोकं दाखवत होत्या. "तुह्या भोकातून त हत्ती जाईन, मच्छराचं काय घेऊन बसली."

वहिनीनं मलेरियाचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. बोटुकली मी जन्मापासून पाहत आले, पण माझ्या पत्रकात एकही मासोळी नव्हती. माय मलेरियातून वाचणार म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. माझा नुसता जळफळाट झाला. वहिनी माझ्या मायला 'माय' म्हणते, हेही मला खुपू लागलं.

आठवड्यानं तीच म्हणाली, "बाई, पलीकडच्या वस्तीत, टोल्यावर बी लोक तेच करून राह्यले. एक कागद लिहून दे ना. तुले छान जमते."

मी लिहिलं. बोटुकली, दिवाळीनंतरचं जाळं, सगळं घेतलं. 'हे बारीक जाळी त पिल्लू बी सोडत नाई' हे तिचंच वाक्य मथळ्याला टाकलं. खाली माझं नाव.

माय शिवलेली मच्छरदाणी खाटेला बांधत होती. तिला वाचून दाखवलं.

"हे बेस लिवलं," ती म्हणाली. "पण हे त तुही वहिनी म्हणे. तिचं नाव काऊन नाई?"

"पत्रकावर लिहिणाऱ्याचं नाव असते."

मायनं दोरीची गाठ आवळली आणि आत शिरून मच्छरदाणीची कड खोचून घेतली.

टोल्यावर पत्रकं वाटायला वहिनी सोबत होती. तिनं एक हातात घेऊन अगदी खालच्या माझ्या नावापर्यंत वाचलं आणि मनापासून म्हणाली, "किती छान लिवलं बाई."

तेव्हा ती मला सगळ्यात जास्त नकोशी झाली.