सुळ्यांच्या आतला दात

कवळीवाल्याच्या दुकानात कुणाचाही जबडा सहा महिन्यांपेक्षा जास्त टिकत नसे. गिऱ्हाइकाच्या तोंडात कवळी नीट बसली की ती ज्यावर घडवली तो, तोंडाच्या ठशातून ओतलेला प्लास्टरचा जबडा कवळीवाला फोडून टाकायचा. "ठेवून काय करू? म्युझियम काढू?" असं वर विचारायचा.

तीस वर्षांत त्याने एकच जबडा राखला होता. खिडकीजवळच्या कपाटात, रुमालात गुंडाळून. तो लेकीचा. चौदाव्या वर्षी तिच्या दातांना तार बसवायची ठरली, तेव्हा त्याने स्वतः ठसा घेतला होता. तार आज बसवू, उद्या बसवू करता करता दोन वर्षं गेली आणि सोळाव्या वर्षी पोरगीच तापाने गेली. डावीकडचा एक दात शेजारच्या दातावर तंगडी टाकून बसल्यासारखा वाकडा होता. तो प्लास्टरमध्ये तसाच राहिला.

"एक नक्कल काढून ठेवा हो," बायको चार वर्षं सांगत होती. दुकानात प्लास्टर कालवायचं काम तिचं. तो नुसता "काढू" म्हणायचा. नक्कल काढायची तर जबडा पुन्हा ओल्या लगद्यात दाबावा लागणार. त्याचं मन धजत नव्हतं.

मग सिनेमावाले आले. कॉलेजची पोरं व्हॅम्पायरांशी मारामारी करतात, असा विनोदी सिनेमा होता. एकोणीस व्हॅम्पायर, म्हणजे एकोणीस जणांचे सुळे. अठरा झाले. एकोणिसावा जबडा सगळ्यात धाकट्या व्हॅम्पायरिणीचा. शूटिंगच्या दिवशी सकाळी तो त्याच्याच हातून निसटला आणि फरशीवर त्याचा भुगा झाला.

दुपारी सेटवरची मॅनेजरबाई त्या मुलीलाच घेऊन दुकानात आली. मुलगी सोळा-सतराची. तोंड चुन्यासारखं पांढरं रंगवलेलं, ओठांच्या कोपऱ्यांना रबराच्या जखमा चिकटवलेल्या. ओठ जेमतेम बोटभर उघडत होते. ठशाचा ट्रे आत जाणं शक्यच नव्हतं.

"जखमा काढा," कवळीवाला म्हणाला.

"चार तास लागलेत त्या लावायला! चार वाजता सीन आहे. सुळे नसतील तर हिला मागच्या गर्दीत उभं करू आणि दुसरीला पुढे घेऊ."

"माझा एकच डायलॉग आहे, काका," मुलगी ओठ न हलवता म्हणाली. "'आधी मान धुऊन ये, मग चावते.' महिनाभर घोकतेय. माझा भाऊ तर आता जेवायला बसतानाही मान धुतो."

कवळीवाल्याला हसू आलं नाही. भुगा त्याच्या हातून झाला होता, शिक्षा या पोरीला होणार होती.

मूळ जबडा फुटला तर जवळच्या मापाच्या दुसऱ्या जबड्यावर काम करायचं, मग आतून घासून, मऊ अस्तर भरून ते खऱ्या तोंडात बसवायचं, ही धंद्यातली जुनी युक्ती. दुकानात उरलेले जबडे दांडग्या पोरांचे होते. वहीत या मुलीचं माप होतं: सुळ्यापासून सुळ्यापर्यंत चौतीस मिलिमीटर. चौतीस कुणाचं, हे त्याला वही न बघताही ठाऊक होतं.

त्याने रुमाल सोडला.

"नको," बायको दारातून म्हणाली.

"सुळे वरच्यावर उचलून घेतो. ओरखडासुद्धा उठणार नाही."

खोटं नव्हतं ते. प्लास्टरवर आधी एक पातळ द्रव फासला की वर दाबलेलं ॲक्रिलिक, म्हणजे दातांचं प्लॅस्टिक, त्याला चिकटत नाही. हजारो वेळा त्याने ते केलं होतं. पण त्या दिवशी तो वाकडा दात बघत राहिला. बोटांनी ॲक्रिलिकची लाटी घेतली, सहा दातांवर दाबली, तिच्यातूनच दोन सुळे ओढून घडवले. घट्ट झाल्यावर उचलायला गेला तर हलेना. द्रवाची बाटली टेबलावर होती, बूच लावलेली.

"झालं का हो?" बाहेरून मॅनेजरबाईने विचारलं.

बायकोने आत जाऊन नळ सोडला, कुणाचं रडू बाहेर ऐकू जाऊ नये तसा.

त्याने हातोडी घेतली. जबड्याचे आधी दोन, मग अनेक तुकडे झाले. ॲक्रिलिकच्या आतलं प्लास्टर त्याने टोच्याने कणाकणाने कोरलं.

सुळे मुलीच्या तोंडात पूर्ण बसेनात. डावीकडे अडत होते. तिथे आतून घासलं, अस्तर भरलं, पुन्हा लावलं. खटकन बसले.

"आधी मान धुऊन ये, मग चावते!" मुलगी आरशात बघून म्हणाली आणि स्वतःच खिदळली.

संध्याकाळी बायकोने विचारलं, "सुळ्यांच्या आत तिच्या दातांची छाप असेल ना? परत आणा ते. मी प्लास्टर ओतते."

तो हो म्हणाला. शूटिंग संपेपर्यंत आठ दिवस थांबला, मग सेटवर जाऊन सुळे मागितले. मॅनेजरबाईने चुरगळलेल्या पिशवीतून ते दिले आणि म्हणाली, "पोरीने काय धमाल केली! पब्लिक लोळणार."

घरी त्याने चिमट्याने मऊ अस्तर सोलून काढलं. बायकोने प्लास्टर कालवलं, नेहमीपेक्षा हळू, बुडबुडा राहू नये म्हणून वाटी टेबलावर आपटत. ओतलं. तासभर दोघं समोर बसून राहिले.

जबडा निघाला तेव्हा तिने एकेका दातावरून अंगठा फिरवला. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. ओळखीचे होते. पाचव्यावर अंगठा थांबला. तिथे नुसता गुळगुळीत उंचवटा होता. तंगडी नव्हती.

"हे काय?"

"तिथेच अडत होते," तो म्हणाला. "तिथे घासलं मी."

तिने त्या उंचवट्यावरून पुन्हा एकदा अंगठा फिरवला. मग पदराने जबडा पुसला.

"रुमाल कुठे टाकलात?" तिने विचारलं.