नाइटच्या आठवड्यातली कबड्डी

आमच्या घरात भांडणं बिनआवाजाची होतात. खोटं वाटेल, पण माझ्या दोन्ही पोरी एकमेकींच्या वेण्या ओढतात, डोळे वटारतात, त्यातली एक रडतेसुद्धा, आणि पलीकडच्या खोलीत झोपलेल्या बापाला पत्ता लागत नाही. थोरली अकरा वर्षांची, धाकटी सहा. दोघीही नीट बोलायला लागण्याआधी गप्प बसायला शिकल्या.

कारण त्यांचे पप्पा स्टील प्लांटमध्ये आहेत, रेल्वेचे रूळ बनवणाऱ्या रेल मिलला. दर तिसऱ्या आठवड्याला नाइट येते. रात्री दहाची ड्यूटी, सकाळी साडेसहाला घरी, आणि मग दुपारी तीनपर्यंत झोप. त्या आठवड्यात प्लांटच्या वसाहतीतल्या, रिसालीच्या आमच्या क्वार्टरमध्ये मी डोअरबेलची वायर काढून ठेवते, डाळ कुकरऐवजी पातेल्यात शिजवते, आणि भाजीवाल्याला अर्धा किलो की पाव ते खिडकीतून हातानेच सांगते. पाहुणे म्हणायचे, काय गुणी पोरी आहेत तुमच्या! मी मान डोलवायची. गर्व होता मला, खोटं कशाला बोलू.

मागच्या हिवाळ्यात थोरलीला कबड्डीचं वेड लागलं. ताटात भाताची मध्यरेषा, झोपेत लाथा, पाण्याचा ग्लास उचलतानाही पवित्रा. शाळेत मुलींची टीम पहिल्यांदाच बनत होती. टीम दुर्गला सामने खेळायला जाणार होती, आणि हिला टीमच्या बारा जणींत यायचं होतं. बाकी जगात तिला काहीच नको होतं. पकड तर अशी जबरदस्त की वर्गातल्या सगळ्यात दांडग्या पोरीलाही ती घोट्याला धरून खाली बसवायची.

आणि एका बुधवारी ती शाळेतून आली, दप्तर हळूच खाली ठेवलं आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तोंडावर हात दाबून रडायला लागली.

"कावून रडून राहिली वं?" मी कुजबुजले.

"सर म्हणतेत, माझी कबड्डी ऐकूच येत नाई. तीन बार रेड टाकली, तीनही बार सीटी मारली. शनिवारी फायनल सिलेक्शन आहे. बोले, उस दिन भी आवाज नहीं आई तो नाम काट दूंगा."

खेळाचा नियमच आहे तो. चढाईला जाणाऱ्याने एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहायचं, तेही पंचाच्या कानावर पडेल असं. नुसते ओठ हलवले की बाद.

"पण मी तं जोरातच बोलून राहिली होती वं मम्मी!"

"दाखव बरं."

तिने छाती भरून दम घेतला, गळ्याच्या शिरा ताणल्या, चेहरा लाल केला. आमच्या फ्रीजचा आवाज तिच्यापेक्षा मोठा होता. मला आधी हसूच आलं. मग कळलं. पोरीला खरंच वाटत होतं की ती ओरडते आहे, आणि हे तिला मीच शिकवलं होतं. स्वतःचा इतका राग मला क्वचितच आला असेल.

तीन वाजता हे उठले तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. हे मोकळ्या स्वभावाचे, म्हणाले, "बस, एवढंच? मंग आजपासून घरात बोंबला ना! मी झोपतो कसाबी."

थोरलीने मान हलवली. "नाई पप्पा. तुमची झोप नाई झाली अन् मिलमध्ये डुलकी लागली तं?"

तापून लाल झालेला रूळ समोरून धावत असताना डोळा लागून चालत नाही, हे त्यांनीच कधीतरी तिला सांगितलं होतं. ते तिच्या पाठीवर हात फिरवत बसले.

मग मीच पदर खोचला. गुरुवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी दोघींना स्कूटीवर घालून वस्तीपलीकडच्या मोकळ्या मैदानात नेलं. म्हटलं, ओरड. ती म्हणाली, तू ओरडून दाखव. मी तोंड उघडलं आणि देवळात कुणाला हाक मारावी तसा आवाज निघाला! धाकटी हसून हसून गवतात लोळली. पण शुक्रवारी अंधार पडेपर्यंत थोरलीचा आवाज थोडा फुटायला लागला. पंधरा पावलांवर मला तिचे शब्द कळत होते. फक्त जमिनीवर आखलेली रेघ ओलांडली की गळा पुन्हा बंद व्हायचा.

शनिवारी सकाळी हे ड्यूटीवरून आले ते बूट न काढताच म्हणाले, मीही येतो मैदानावर. थोरलीने ऐकलंच नाही. त्यांना पलंगावर बसवलं, स्वतः पडदे ओढले आणि आम्ही निघालो.

शाळेच्या मैदानावर तीसेक पोरी होत्या. मी आणि धाकटी पायऱ्यांवर बसलो. तिची पहिली चढाई. आत गेली, आणि सीटी. "वापस! कुछ सुनाई नहीं दे रहा!" दुसरी चढाई, पुन्हा सीटी. सर वाईट नव्हते. जवळ येऊन, पोरींसाठी इकडे जो लाडाचा शब्द आहे तो वापरून तिला म्हणाले, "देख नोनी, ये आखिरी मौका है." तिने मान डोलावली.

ती तिसऱ्यांदा रेषेकडे निघाली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. सरांनी सीटी तोंडाशी नेली. आणि मी उठून उभी राहिले आणि बोंबललेच, "ओरड वं पोरी! पप्पा नाईत इथं! ओरड!"

सगळं मैदान माझ्याकडे वळून बघायला लागलं. घराबाहेर आम्ही हिंदीच बोलतो, तिथे ही माझी उंबरठ्याच्या आतली मराठी चारचौघांत घुमली. मला कसली लाज वाटते!

"कबड्डी!"

जाडाभरडा, मध्येच चिरकणारा, दणदणीत आवाज. "कबड्डी कबड्डी कबड्डी!" अकरा वर्षं जिला पोटाशी धरून वाढवलं, तिचा खरा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. तिने एकीला शिवलं, वाकून दुसरीला शिवलं, तिसरीने कमरेला मिठी मारली तर तिलाही ओढत, ओरडत, मध्यरेषेवर हात टेकवला. सर सीटी वाजवायचीच विसरले. मी आणि धाकटी पायऱ्यांवर नाचत होतो. त्यानंतर तिने जितक्या चढाया टाकल्या, त्या सगळ्या शेजारच्या सेक्टरपर्यंत ऐकू गेल्या असतील. शेवटी सरांनी यादी वाचली. सातवं नाव तिचं होतं.

घरी पोचलो तर हे जागेच, पलंगावर ताठ बसलेले. "काय झालं? घेतलं का तुले?"

तिने सांगायला तोंड उघडलं आणि आवाजच निघेना. घसा पार बसला होता. पुन्हा प्रयत्न केला, नुसती हवा. धाकटी सांगायला पुढे झाली तर हिने तिचं तोंड दाबलं. बातमी तिची होती, ती दुसऱ्या कुणाला सांगू देणार नव्हती. मग तिने पायाने फरशीवर रेघ ओढली, उडी मारून ती ओलांडली आणि दोन्ही हात वर केले.

त्यांना कळलं. तिला खांद्यावर उचलून ते थेट व्हरांड्यात गेले आणि फुफ्फुसं फुटतील असे ओरडले, "आली! आली माझी पोरगी टीममध्ये!" एकदा नाही, तीनदा.

वरच्या मजल्यावरचे भैया, तेही नाइटचेच, लाल डोळ्यांनी कठड्यावरून वाकले. "अरे भाई, कौन चिल्ला रहा है?"

"मेरी बेटी!" हे म्हणाले. "मेरी बेटी चिल्ला रही है!"