गेटवर पोचवलेलं उत्तर

माझ्या मावसदिरांइतका घाबरट माणूस तापीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडला नसता, आणि सुरतेतल्या घाबरलेल्या माणसांना बरं करायचा विडा नेमका त्यांनीच उचलला होता. ते आमच्या उधन्याच्या घरात वरच्या मजल्यावर राहत. लग्न केलं नाही, कारण मुलगी बघायला जायचं तर अनोळखी घरात पोहे खावे लागतात आणि सगळे आपल्याकडे बघतात. कॉलेजात मानसशास्त्र शिकवत, पण मुलांकडे न बघता मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून शिकवत. घराला कुलूप लावलं की ओढून बघत, कोपऱ्यापर्यंत जात, परत येऊन पुन्हा ओढून बघत. मग मला हाक मारून म्हणत, “वहिनी, जरा तुम्ही ओढता का? माझा माझ्यावर विश्वास नाही.” माझ्या स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होईस्तोवर ते जिन्यात उभे राहत. प्लेगच्या वर्षी सगळं शहर मिळेल त्या गाडीने पळालं तेव्हा हे मात्र घरीच राहिले. शेजारीपाजारी त्यांच्या धैर्याचं कौतुक करत होते. खरी गोष्ट अशी की प्लेगपेक्षा त्यांना स्टेशनवरच्या गर्दीची भीती जास्त होती. त्या दिवसांत ते वर्तमानपत्र इस्त्री करून वाचत. इस्त्री जास्त तापली की अग्रलेख जळायचा. “वाचण्यासारखा नव्हताच,” म्हणायचे.

असा माणूस संशोधनाला लागला. नव्वदचं दशक संपत आलं होतं, सुरतेत इंटरनेट नुकतंच आलं होतं. कुठल्याशा परदेशी मासिकात भाऊजींनी वाचलं की घाबरलेली, खचलेली, काही भयंकर बघून आलेली माणसं समोरासमोर बोलत नाहीत, पण कॉम्प्युटरवर लिहितात, आणि डॉक्टरने तिकडूनच पायरीपायरीने उपाय लिहून पाठवला तर सुधारतात म्हणे. हे वाचून भाऊजींचा चेहरा असा उजळला की मी इतक्या वर्षांत कधी बघितला नव्हता. पेशंटला त्यांची भीती नाही, त्यांना पेशंटची नाही! त्यांनी कॉम्प्युटर घेतला, टेलिफोनची वायर जोडली. नेट लागताना ते यंत्र जी किंचाळी मारायचं ती त्यांना सोसत नसे, म्हणून बटण दाबून ते गॅलरीत जात आणि शांत झालं की परत येत. आमच्या बाजूच्या दवाखान्यात आणि माझ्या शाळेत त्यांनी चिठ्ठी लावली. नियम कडक होते. पेशंटने एकट्याने बसून लिहायचं. डॉक्टर आणि पेशंट एकमेकांना कधीही भेटणार नाहीत. भेट झाली की प्रयोग बाद. आणि गुप्ततेसाठी प्रत्येकाला एका भाजीचं नाव.

मी उधन्यातल्या मराठी शाळेत शिकवते. एके दिवशी कमलबाई मुलीचा दाखला काढायला आली. नवागामला एका खोलीत राहणारं धुळ्याकडचं कुटुंब. मधल्या वर्षात दाखला कशाला, असं विचारलं तर पदर तोंडाला लावून म्हणाली, “गावले जातस ना, ताई. पोरना बाप खोलीबाहेर निंघतस नही.” तिचा नवरा हिरामण सुरतेबाहेरच्या सचिन गावातल्या एका कापड रंगवायच्या मिलमध्ये होता. तिथे वाफेचा पाइप फुटला आणि त्याच्याशेजारी उभा असलेला सोबती गेला. हिरामणला खरचटलंही नाही. पण तेव्हापासून मिलचा भोंगा आठवला तरी घाम फुटायचा. मिलवाल्यांनी पुढच्या महिन्याचा पहिला सोमवार दिला होता: त्या दिवशी पाळीला आला तर जागा त्याची, नाही तर दुसरा माणूस. आणि जागा गेली की खोलीही गेली, कारण खोली मुकादमाची.

मी दाखला लिहिला नाही. वर जाऊन भाऊजींना सांगितलं. ते दोन्ही हात कानांवर ठेवून ओरडले, “नाव सांगू नका, वहिनी! नाव कळलं की मी गेलो! त्यांना दोडका म्हणू.”

दोडका लिहू लागला. नवागामच्या नाक्यावर जिग्नेशभाईंच्या टेलिफोन बूथमध्ये कॉम्प्युटर होता, तिथून. भाऊजी उत्तरं लिहीत, आणि लिहिण्यात हा माणूस वेगळाच होता. भित्रेपणाचा मागमूस नाही. एकेक वाक्य असं की कुणी पाठीवर हात ठेवावा. आधी दाराबाहेर उभे राहा. उद्या कोपऱ्यापर्यंत जा. छाती धडधडली तर धडधडू द्या, ती थकून आपोआप थांबते, पळू नका. मग बसने सचिनला जा, टपरीवर चहा घ्या, परत या. दोडका खरंच एकेक पायरी चढत होता. भाऊजी जेवताना माझ्या नवऱ्याला आलेख काढून दाखवत, ताटाच्या कडेला, आमटीने.

एका संध्याकाळी ते जिन्यात बसलेले दिसले, हातात छापलेलं पत्र. पत्रात दोडक्याने लिहिलं होतं, “भोंगा ऐकला, पळालो नाही. पण रांगेतले लोक म्हणतात की डॉक्टरसाहेबांनी बसच्या आधी रिक्षा सांगायला पाहिजे होती. आणि पिको-फॉलवाल्या ताई म्हणतात, त्यांच्या सासऱ्यांनाही असंच झालं होतं.”

“वहिनी,” भाऊजी म्हणाले, “रांग कुठली?”

मी दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर नवागामला गेले. बूथमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. हिरामणला टाइप कुठून येणार? तो स्टुलावर बसून मोठ्याने सांगत होता, जिग्नेशभाई बोटाने एकेक अक्षर शोधत होते, आणि फोनसाठी थांबलेली सगळी रांग ऐकत होती. कुणी मधेच म्हणे, “अरे, पानी पिल्या का नही ते बी लिख!” उत्तर आलं की जिग्नेशभाई मोठ्याने वाचत, आणि ज्याला सचिनला जायचं असेल तो हिरामणबरोबर बसमध्ये बसे. मी जिग्नेशभाईंना म्हटलं, हे खासगी असतं हो. ते चकित झाले. “बेन, बीमारी में छुपाने जैसा शुं छे? आखा मोहल्ला दुआ करे छे!”

मी भाऊजींना जसंच्या तसं सांगितलं. मला गोष्टी गोड करून सांगता येत नाहीत. ते पांढरे पडले. एकट्या माणसाला पडद्यामुळे बरं वाटतं का, हे त्यांना बघायचं होतं. इथे अख्खं नवागाम पडद्यात घुसलं होतं. “मग आता काय बरं करतंय? माझं पत्र की ती पिकोवाली? प्रयोग थांबवायला हवा.”

“आणि सोमवार?” मी विचारलं.

ते उठून वर गेले. थोड्या वेळाने यंत्राची किंचाळी ऐकू आली, आणि या खेपेला गॅलरीत कुणी आलं नाही.

शेवटची पायरी त्यांनी शनिवारी पाठवली: सोमवारी पाळीच्या आधी गेटपर्यंत जा, तिथे थांबा, काय वाटतं ते कळवा, माझं उत्तर आल्याशिवाय पुढे जाऊ नका. गेटजवळच्याही एका बूथमध्ये कॉम्प्युटर होता; तिथून कळवेल, मी लगेच उत्तर देईन, असा त्यांचा हिशोब. रविवारी कुणीतरी रस्ता खणला आणि उधन्यापासून पुढचे सगळे फोन मेले.

सोमवारी सकाळी मी शाळेचे डबे भरत होते. भाऊजी खाली आले, शर्टाची बटणं वरखाली. “वहिनी, तो उभा राहील. मी थांब म्हणून लिहिलंय. दोडका माझा शब्द मोडत नाही हो. भोंगा होईल, पाळी लागेल, आणि तो गेटवर उभाच राहील.”

“मग जा आणि सांगा.”

“मी?”

मी मोपेड काढली. सचिनच्या रस्त्यावर ट्रक किती असतात ते तिथे गेलेल्याला सांगायला नको. भाऊजी मागे बसले, डोळे मिटून, माझ्या पर्सचा पट्टा धरून. वाटेत प्रत्येक ट्रकला ते “जाऊ द्या, जाऊ द्या” म्हणत होते. मी सगळ्यांना जाऊ दिलं, आणि तरी वेळेवर पोचवलं.

गेटबाहेर हिरामण ताठ उभा होता. शेजारी कमलबाई, पिकोवाली, खुद्द जिग्नेशभाई. सगळे उत्तराची वाट बघत होते. भाऊजी उतरले, दोन पावलं गेले, आणि तेवढ्यात भोंगा झाला. मी माझ्या मावसदिरांना जन्मात इतकं थरथरताना पाहिलं नव्हतं.

हिरामणने त्यांच्याकडे बघितलं. “साहेब, तुम्ही कोन शेतस?”

“मी... उत्तर घेऊन आलोय.”

हिरामणला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. त्याने पुढे होऊन भाऊजींचा हात धरला, त्यांना टपरीच्या बाकावर बसवलं, आणि म्हणाला, “धडधडू द्या, साहेब. थकी जाई. पळू नका.” कमलबाईने पाणी दिलं. भाऊजी पाणी प्यायले आणि म्हणाले, “आत जा, दोडके.”

“हिरामण नाव शे त्यासनं,” कमलबाई म्हणाली.

“हिरामण,” भाऊजी म्हणाले. “आत जा.”

तो निघाला, वळला. “तुम्ही बठशात ना आठेच?”

इथेच बसतो, अशी भाऊजींनी मान हलवली. हिरामण आत गेला. मला शाळा होती, मी निघाले.

संशोधनाचा अहवाल विद्यापीठातून परत आला. शेरा होता की प्रयोगकर्ता स्वतः रुग्णापाशी उपस्थित राहिला आणि इतर माणसांचाही सहभाग झाला, त्यामुळे उपचार कशाने झाला ते सांगता येत नाही, निष्कर्ष अग्राह्य. भाऊजींनी मला तो वाचून दाखवला आणि विचारलं, “काय उत्तर लिहू?” मी काही सुचवायच्या आत त्यांनी स्वतःच खाली लिहिलं, “मान्य.” पुढे नोकरी संपल्यावर ते नाशिकला बहिणीकडे राहायला गेले. वरचा मजला आता भाड्याने दिला आहे, आणि कुकर लावला की जिन्यात कुणी उभं नसतं याची मला अजून नीट सवय झालेली नाही.

त्या सोमवारी शाळा सुटल्यावर मी त्यांना आणायला सचिनला परत गेले होते. वाटलं होतं, केव्हाच घरी पळाले असतील. पण ते त्याच बाकावर बसले होते, अनोळखी माणसांच्या गर्दीत, गुडघे जुळवून, दोन्ही हात मांडीखाली दाबून. ऊन त्यांच्या तोंडावर आलं होतं. टपरीवाला म्हणाला, “सावलीत या म्हटलं, तर येत नाहीत. इथूनच गेट दिसतं म्हणतात.”